खर्ज

कुताइसी. मंगळवार. खोली क्रमांक अकरा.
खुर्च्या चौदा, सवयीने मांडलेल्या.
माणसं तीन.

अर्जावर सात सह्या हव्यात,
नाहीतर जानेवारीपासून ही खोली टेबलटेनिसला.
नेस्तान डाव्या हाताने वाझाची सही करते.
तो केव्हाच पोतीच्या बंदरावर, क्रेनवर;
जाताना खर्ज घेऊन गेला.

वरचे आवाज चढतात
आणि मधेच चाचपडतात,
जिन्याचा कठडा अचानक संपावा तसे.

मग मामुका म्हणाला, थांबा, ऐका.
भिंतीतला हीटर घुमत होता:
स्वर जरा उतरलेला,
पण दमसास भलताच.

आम्ही अर्धा सूर खाली आलो.
पुन्हा सुरुवात केली.

पाचवं नाव हीटरचं घातलंय.
उरलेल्या दोघांसाठी
चौकीदाराला चहा पाजतोय.
त्याला भाऊ आहे म्हणे.