पाणी

राबाळ्याच्या त्या गाळ्यात
लेथ एक आणि धनी चार.
भिंतीवरच्या फळ्यावर खडूनं तास वाटलेले:
सकाळ परकारची, दुपार माझी,
संध्याकाळी थंगराज.
त्याला लेथ लागत नाही, वेल्डिंग लागतं,
म्हणून वीजबिल आलं की
आधी त्याच्याकडे बघायचं, असं ठरलेलं.
तेजलचा कॉम्प्युटर कोपऱ्यात,
बुरा बसू नये म्हणून जुन्या साडीखाली.

इथे हजार नग मागायला कुणी येत नाही.
येतात एकेकटे,
रसवंतीच्या चरकाचं बुश घेऊन,
शिलाई मशिनचा दात रुमालात बांधून,
आणि सगळ्यांचं वाक्य एकच:
कंपनी बंद झाली, पार्ट मिळत नाही.

चांगुणा मढवी आली ती
वर्तमानपत्रात गुंडाळलेली वीतभर कोयती घेऊन.
घणसोलीच्या खाडीत कालवं फोडायची.
टोक झिजून चिंचोक्याएवढं उरलेलं.
"अशीच दुसरी द्या."

तेजलनं व्हर्नियर लावला, आठ जागी.
पडद्यावर कोयती उगवली, वळली,
पाठ दाखवून पुन्हा समोर आली.
एक बाजू दीड सूत कमी भरत होती.
तेजलनं ती भरून काढली.
चुका आम्ही अशाच करतो,
आपुलकीनं.

आठव्या दिवशी कोयती परत.
"ही माजी नाय.
तुमी सरल केलीव."
आणि तिनं डावं मनगट माझ्या व्हाइसशेजारी ठेवलं,
कामाचा नग ठेवावा तसं.
कधीतरी खडकावर घसरलेलं,
कुण्या हाडवैद्यानं बांधलेलं,
स्वतःच्या मनानं जुळून आलेलं.
"माजा हात कय सरल हाय?"

झिजलेल्या वस्तूचं माप घेता येतं.
पण गेलेलं दीड सूत
खडकानं खाल्लं की हातानं मागून घेतलं,
हे व्हर्नियरला कसं कळावं?

परकारनं त्याची बारा इंची कानस दिली,
दात गेलेली, पोलाद जातिवंत.
भट्टीत लाल केली, ऐरणीवर घेतली.
कागद नाही, पडदा नाही.
प्रत्येक घावानंतर गार करून तिच्या हातात द्यायची,
ती हवेतलं एक कालव फोडायची
आणि म्हणायची, "जरा इकडं."
असं अकरा वेळा.
थंगराजनं मुठीची नळी वाकवली
आणि सायकलची ट्यूब गुंडाळताना
पहिल्यांदाच बिलाचं नाव काढलं नाही.

मग पाणी दिलं.
बुडवतो आम्ही तेलात, शब्द मात्र पाण्याचाच.
नुसतं कडक झालेलं पोलाद काचेसारखं,
पहिल्याच शिंपल्यावर तडकणारं.
त्याला पुन्हा मंद आचेवर आणायचं
आणि टोकाकडे सरकणारा रंग बघत राहायचं.
उस्ताद म्हणायचे, गवताचा रंग आला की थांब.
एवढ्या वर्षांत या एमआयडीसीत
तसं गवत मला दिसलेलं नाही.
मी अंदाजानं थांबतो,
कधी आधी, कधी उशिरा.

चांगुणाबाई खांद्यावरून वाकून बघत होती.
"सुक्या बोंबलासारकी झाली.
काढ."
काढली.
कानसेची दुसरी कड घासून पाहिली टोकावर,
ती नुसती घसरून गेली.
आता मी गवत म्हणत नाही.

तेजलनं पडद्यावरची कोयती पुसली नाही,
फक्त तिचं नाव बदललं: मढवी-चूक.
खरी चूक टेबलावर पडली होती,
चकचकीत, सरळ, दोन्ही बाजूंनी सारखी.
पैसे मोजून झाल्यावर चांगुणाबाईनं तीही उचलली.
"सुनेला व्हईल.
तिचा हात आजून सरल हाय."

फळ्यावर ते तास कुणाच्या नावे लावायचे
यावरून परकार आणि थंगराज
अजून भांडतायत.