बत्तीस, थंड असताना

कामठी रोडवर मेंढ्यांचं दुकान.
पत्र्याखाली रबराचा वास इतका जाड
की चावून गिळावा लागतो.
मे महिना. सेहेचाळीस.
मी म्हटलं, चांगले दाखवा, पकड हवी.
"पकड सगळ्याइलेच पायजे, ताई.
कशावर, ते सांगा."

लगेच सांगता आलं नाही.
सिमेंटवर, म्हटलं. शहर आता सगळं सिमेंटच;
रात्री अजनीकडून येताना चाकं
एकाच सुरात गुणगुणतात, जुन्या फ्रीजसारखी.
"आन् पावसात? आन् समृद्धीवर, भर उन्हात,
दोन तास सलग एकशेवीस?
ब्रेक कुठं मारता, उशिरा का लवकर?"

दोन टायर भिंतीला टेकवले. एकच माप, सतराचे.
एकाच्या कडेवर दोनशेवीस, दुसऱ्याच्या चारशे.
"हा मऊ. रस्ता सोडत नाई, पण वीस हजारात उघडा पडते.
हा टणक. साठ हजार चालन,
फक्त वळणावर तुमालेच विचारन, जायचं का म्हणून."
नख दाबलं. मऊवर चंद्रकोर उमटली,
थोडा वेळ राहिली, मग भरून आली.
मग कडेवरचे चार आकडे: अकरावा आठवडा, यंदाचा.
"पाव घेताना तारीख पाहता न?
गोदामात दोन उन्हाळे काढले
का टायर नवा दिसते. नवा नसते."

तोवर गाडी जॅकवर. लाल, दहा वर्षांची, दुसऱ्या हातची,
एकशे ऐंशी घोडे,
जे मी लॅबपासून घरापर्यंत
चार किलोमीटर फिरवून आणते.

पोऱ्यानं जुनी चाकं ओळीनं ठेवली.
मेंढे उकिडवे बसले, तळहात फिरवत गेले.
मी स्लाइड अशीच बघते.
पुढचं डावं: बाहेरचा खांदा गुळगुळीत.
"गोल चक्कर जोरात घेता."
घेते, म्हटलं.
"मागचे मात्र..."
दोन्ही मागच्यांवर सपाट डाग, तळहाताएवढे.
"हँडब्रेक. चालत्या गाडीत ओढलेला.
गर्रकन फिरते मग. एकदा नाई, लई खेपा."
आणि वर न बघता,
"पोरगं आहे का घरी?"

पोरगं नाही.
घरी बाबा आहेत. एकाहत्तर. कोराडीतून रिटायर, टर्बाइनचे.
रक्तदाबाची गोळी, कमरेला पट्टा,
पहाटे फिरायला जातात.
येतात तेव्हा बुटांना राख असते.
वर्षभर मी ती पायपुसण्यावरून झाडते आहे.
फिरायला चावी कशाला लागते,
हे मात्र कधी मनात आलं नाही.

"नाही," मी म्हटलं. "मीच."
मेंढ्यांनी मान डोलावली, विश्वास न ठेवता, सभ्यपणे.

मग मी दोन्ही टायर बाजूला सारले.
विचारलं, सुटायच्या आधी सांगतो,
असा आहे का एखादा?
तेव्हा ते पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघत उठले
आणि आतून तिसरा घरंगळवत घेऊन आले.
"हा आधी रडते. किंचाळते.
मंग हळूच सुटते, एकदम नाई.
शर्यतवाले नाव ठेवते याले. मऊएवढा तेज नाई.
पण माणसाले हात फिरवाले वेळ देते."
चारही घातले.
पैसे सांगत नाही. घरीही सांगितले नाहीत.

संध्याकाळी बाबा अंगणात आले,
पट्टा सैल करून वाकले,
आणि नख दाबलं
नेमकं खांद्याजवळ, जिथं मेंढ्यांनी दाबलं होतं.
"बरे आहेत," म्हणाले. "हवा?"

बत्तीस, म्हटलं. थंड असताना मोजायची.
उन्हाळ्यात ती वेळ एकच, पहाटे पाच.
पहिले दोनशे किलोमीटर जपून,
वरचा गुळगुळीत थर जाईपर्यंत.

बाबा पलीकडे बोगनवेलीकडे बघत राहिले.
"पाचला कोण उठतं?"
असं म्हणाले, आणि चपला शोधू लागले.
प्रेशर गेज मी
चावीच्या खिळ्यालाच अडकवून ठेवला आहे.