घोड्याचं शेपूट

डंडी. पहाटेचे साडेतीन.
मायक्रोस्कोपच्या खोलीत मी आणि हीटरची टिकटिक.

यीस्टला कालपासून उपाशी ठेवलंय.
मूळचं आमच्याकडचं हे, धान्याच्या दारूतून इकडे आलेलं;
नावच पोंबे, स्वाहिलीत दारू.
पोटभर असेल तोवर एकेकटं वाढतं, दुभंगतं, वाढतं.
उपासमार झाली की शेजार शोधतं.

दोन पेशींची एक झाली.
केंद्रक हिरवं उजळलं आणि निघालं
या टोकाकडून त्या टोकाला, तिथून मागे,
एका फेरीला दहा मिनिटं.
चित्रं जोडून पळवली की कळतं:
सगळ्या गुणसूत्रांची टोकं एका मुठीत धरून
कुणीतरी फरफटत नेतंय.
कुणाला यात घोड्याचं शेपूट दिसलं, तेच नाव पडलं.
मला नदीत खळबळलेली चादर दिसते.

तीन इकडची, तीन तिकडची.
कुणी कुणाला हाक मारत नाही.
ओढाताणीत अंगाला अंग लागतं,
चुकलं असेल तर पुढच्या हिसक्याला सुटतं,
जुळलं असेल तर राहतं.
गायी-शेळ्यांची बोलणी नाहीत.

शेजारच्या काचेवर मर्डोचं यीस्ट.
त्यातलं ओढणारं प्रथिनच त्यानं काढून टाकलंय.
तिथे केंद्रक मधोमध, स्वस्थ.
एवढ्याशा खोलीत राहून
बरीचशी सकाळपर्यंत परकीच.

मर्डो चहा आणतो. घरी सगळे बरे?

आई मोशीत, बाबा टांग्यात.
माझ्या पदवीदानाला दोघंही आले होते,
दोन बसनं,
रांगेच्या दोन टोकांना बसले.
फोटोवाल्यानं जवळ या म्हटलं
तेव्हा आईला चप्पल सापडेना.

बरे आहेत, म्हणते मी.

त्याला काय सांगू,
की मी आईच्या पोटात वीतभर होते
तेव्हाच माझ्या एकेका बीजांडात
तिच्याकडचं आणि त्यांच्याकडचं
असंच हिसके खात एकमेकांना सापडलं,
तुकडे दिले, घेतले,
आणि तिथेच थांबलं.
वेगळं व्हायचं राहून गेलं.
एकतीस वर्षं
गाठी तशाच.

महिन्याला एखादी सुटत असेल. मला कळत नाही.

साखर?
नको.

पडद्यावर शेपूट पुन्हा डावीकडे वळतं.
मी वहीत वेळ लिहिते,
चार वाजून अठरा.