मांगे कोन बठस?

म्हसावदला, धडगावच्या रस्त्याला लागून माझं दुकान:
चार पत्रे, एक निंब, खिळ्याला टांगलेला हुक पाना.
गाडी स्टँडवर चढली की मी इंजिनाचं नंतर विचारतो.
आधी विचारतो, मांगे कोन बठस?

माणसं बिचकतात.
एक जण म्हणाला, कोनीच नही,
आणि शॉकपच्या रबरावर रोजच्या दोघांचा घाव.
मी तिसऱ्या खाचेत बसवला. बोललो काहीच नाही.
दुसऱ्याने मिरचीची पोती सांगितली, चोरी कबूल केल्यासारखी.
अरे, मिरची नुसती दिसते टेकडीएवढी.
पपईचं एक क्रेट तिला जड जाईल.

हिलाल आप्पा आले बाजाराच्या दिवशी.
गाडी ढकलत नव्हते, तरी ढकलल्यासारखे.
"चेतना लाइनवर लागनी, धडगावले.
रस्ता खराब शे. एकदम कडक करी दे."

रस्ता वाईट म्हटलं की सगळे कडकच मागतात.
कडक स्प्रिंग खड्ड्याचं ऐकून घेत नाही,
उलट बोलते,
आणि ते बोलणं मणक्याला ऐकावं लागतं.
फारच नरम ठेवली तर बूड टेकतं. ठक.
तो आवाज मी जेवताना, पाठमोरा, रस्त्यावरून ओळखतो.

अकरा वर्षं ही गाडी चौथ्या खाचेत:
आप्पा चौऱ्याऐंशी किलो, मागे काकू,
दोन्ही अंगाला दुधाच्या कॅन,
टाकीवर ही पोरगी, तेव्हा वजनात न धरण्याइतकी.
कॉलर गंजून तिथेच रुजली होती.
रॉकेल पाजलं, चहा प्यालो, मग हातोडीने हळू हळू मनवली.

"तुझं वजन किती गं?"
आप्पांनी निंबाकडे पाहिलं.
बाकावर चार गिऱ्हाईकं, एकाची बिडी विझलेली.
"सत्तेचाळीस," ती म्हणाली. "हत्यारांची पिशवी नऊ.
छप्पन्न धरा काका. पावसाळ्यात रेनकोट."

दुसरी खाच.
आसनाखाली खडूची रेघ, आसापासून तिथवर टेप.
रिकामी मोजली. ती बसली, बूट उचलून,
मी हँडल धरलं, पुन्हा मोजली.
दोन बोटं दबली. अजून थोडी चालली असती,
पण पिशवी रोज नऊच राहील, असं कोण सांगतं?
पुढच्या दांड्यांवर तेलाची ओली रेघ होती.
सील बदलले, तेल भरलं
नातीच्या जुन्या दुधाच्या बाटलीने, आकडे वाचत,
दोन्हीकडे सारखं.

"इतली नरम? पडी जाई ती," आप्पा म्हणाले.
खांबावर चढणाऱ्या पोरीबद्दल म्हणाले ते.
ती म्हणाली, "बठा मांगे. फाट्यालोंग जाई येऊत."

मी पाना शोधू लागलो. दोघांना दुसरी खाच पुरणार नव्हती.
"ऱ्हाऊ दे," आप्पा म्हणाले,
आणि स्वतःच्या गाडीवर मागे कसं चढायचं
ते त्यांना सुचेना.
आधी उजवा पाय की डावा? हात कुठे?
शेवटी कॅन अडकवायच्या हुकाला धरून बसले.
गाडी मागून खाली गेली, खाली गेली,
मडगार्ड टायरला लागतो की काय.
गतिरोधकावर ठक झालं. मी मान वळवली नाही.

महिन्याने ती आली, चाकांत लाल माती.
खडूची रेघ तशीच, आणि तिच्या वर
तारीख घालून आणखी दोन रेघा, तिच्या हाताच्या:
एक हेल्परची, एक तारेच्या बंडलाची.
"घाटात थांबून मोजते," म्हणाली. "पक्कडीने कॉलर सोलली जाते.
तुमचा पाना विकता का?"

विकला नाही. तसाच दिला.
खिळा आठवडाभर रिकामा होता, मी शहाद्याहून दुसरा आणेपर्यंत.
तोवर लोक येत, गाडी स्टँडवर लावत, वाट पाहत,
आणि मी इंजिनाचं विचारत बसे.