लॉट सी

भिंतीवर नकाशा टाचलाय, चार पिना, एक वाकडी.
आहेत त्या इमारती राखाडी,
व्हायच्या त्या तुटक ठिपक्यांच्या रेघेत.
ठिपक्यांना पाया लागत नाही, निधी लागत नाही,
म्हणून हात सैल सोडून काढतो मी :
नर्सिंगची दुमजली इमारत,
वेल्डिंगच्या शेडला आणखी चार गाळे,
पश्चिमेला पाळणाघर,
वाचनालयाला काचेचं कपाळ.
पंधरा वर्षांनी नऊ हजार विद्यार्थी,
सॅक्रामेंटोच्या सल्लागारांनी मोजून दिलेत.

नेल्डा फागुंडिस म्हणतात,
"तात्पुरतं हा शब्द नकाशात नको मला."
त्या स्वतः जिथं शिकल्या त्या खोलीवर
अजून पाटी आहे : तात्पुरता वर्ग, क्रमांक तीन.
अठ्ठ्याहत्तर साली ट्रकवर लादून आणला होता.
चाकांच्या जागी आता विटा, विटांत मुंग्या,
आणि आत दर सोमवारी बीजगणित.
छप्पर गळतं.
खालच्या बादलीलाही
मालमत्ता क्रमांक मिळालाय.

जमीन मुळात बदामाच्या बागेची.
कुठं पाणी मुरतं ते तक्त्यात दाखवावंच लागतं,
म्हणून निळी पेन्सिल घेऊन गेलो इग्नासिओ बारागानकडे.
आज तो वेल्डिंग शिकवतो,
पोरवयात इथलीच झाडं झोडपायचा.
नकाशा त्यानं उलटा धरला, मग सुलटा,
आणि जळका अंगठा टेकवला :
"इथं. सतराव्या रांगेत.
माझ्या बापाचा एक बूट अजून खाली आहे."
तिथं माझं पाळणाघर होतं.
ते तीस फूट उत्तरेला सरकवलं.
कारणाच्या रकान्यात लिहिलं : स्थानिक माहिती.

मग लॉट सी.
दोनशे चाळीस गाड्यांची जागा.
तक्ता सांगतो : सकाळी भरलेला, दुपारी अर्धा,
रात्रीचा वापर, शून्य.
शून्यावर काहीही बांधता येतं.
मी विज्ञान भवन काढलं,
वर दुर्बिणीसाठी एक घुमट,
कोणी मागितला नव्हता तरी.

प्रिंटरनं दगा दिला म्हणून
एका गुरुवारी निघायला साडेअकरा झाले.
लॉट सीमध्ये अकरा गाड्या.
काचांवर आतून वाफ.
एकीच्या आरशाला वाळत घातलेला
नर्सिंगचा निळा सदरा,
दुसरीच्या डॅशबोर्डवर कपात उभा टूथब्रश.
टौ ल्यू, रात्रपाळीचा पहारेकरी,
बॅटरी जमिनीकडे धरून चालत होता,
निजलेल्या घरातून चालावं तसा.
"मोजू नका साहेब," म्हणाला,
"मोजलं की लिहावं लागतं."

मोजायचाच मला पगार आहे.

पुढच्या बैठकीत मी काही बोललो नाही.
नंतर, सगळे कॉफीकडे गेल्यावर,
जिमच्या मागच्या भिंतीत एक दार काढलं,
बाहेर उघडणारं, लॉट सीच्या अंगाला.
आत दोन न्हाणीघरं, दहा कपाटं, एक बाक.
वर बारीक अक्षरात : सामान.

नेल्डाबाई चष्मा कपाळावर चढवून
बराच वेळ त्या दारापाशी थांबल्या.
"सामानाला गरम पाणी कशाला?"
मी पेन्सिलीला टोक करत राहिलो,
टोक होतंच तरी.
"आणि दोनच?" म्हणाल्या,
आणि फोन वाजला म्हणून निघून गेल्या.

सगळं मंजूर झालं, निधी मिळाला, पाऊस आडवा आला नाही,
तर ते दार उघडेल सात वर्षांनी.
तोवर तो निळा सदरा
कुठल्यातरी वॉर्डात रात्रपाळी करत असेल,
किंवा नसेल.
विज्ञान भवन कुठं सरकवावं
ते अजून सुचत नाही.
तीन जागा खोडून झाल्या,
कागद तिथं पातळ झालाय,
पलीकडची भिंत दिसते.

आज गुरुवार.
प्रिंटर नीट चालतोय.
तरी थांबलोय.