थेंबही न सांडता

बाबा मेंढी मारायचे ती अशी :
उताणी निजवून, गुडघ्यानं हलकेच दाबून,
बरगड्यांखाली एक चीर,
तळहात जाईल एवढीच.
मग हात आत, मनगटाच्याही वर,
आणि डोळे दूर डोंगराकडे,
एखादं विसरलेलं नाव आठवत असल्यासारखे.
कण्यालगतची शीर बोटांना सापडायची,
चिमटीत तुटायची.
गवतावर थेंब नाही.
मातीला रक्त दाखवू नये, म्हणायचे.

म्हणून डॉक्टर सारंगेरेल जेव्हा म्हणाली,
पोट उघडायचं नाही, नुसती सुई,
उजवीकडे दोन बरगड्यांच्या फटीतून,
आणि सुईच्या टोकाशी आच, दहा मिनिटं,
तेव्हा घाबरले ती मी.
बाबांनी एवढंच विचारलं, "आतलं दिसतं कसं तुला?"
तिनं पडदा त्यांच्याकडे वळवला.
करड्या बर्फात एक करडा डाग,
दोन सेंटिमीटर आणि वर थोडा.
बाबा बराच वेळ बघत राहिले.
"लांडग्याचं पाऊल," म्हणाले. "ताजं आहे."

दाश्झेवेग काकाचं पोट उघडलं होतं.
त्या चिरेला म्हणे एका मोटारीचं नाव आहे,
तीन फाट्यांची, छातीखाली.
उघडलं, पाहिलं, शिवलं.
काका पिवळा होत होत वसंतापर्यंत टिकला.
दोघंही शाळेच्या वसतिगृहात होते,
काचेची एक सिरिंज, एक सुई,
बाह्या वर करून उभी चाळीस पोरं.
"सुई उकळली होती का?" डॉक्टरनं विचारलं.
"पहिल्यासाठी," बाबा म्हणाले.
काका रांगेत पुढे होता की मागे
ते त्यांना आठवत नाही.
ते आठवायचा प्रयत्न मात्र करतात,
रात्री, गेरमध्ये, शेकोटी विझत आली की.

नवऱ्याच्या जुन्या प्रियसमधून आणलं त्यांना,
अख्खा दिवस, उणे एकतीस,
मांडीवर वाळवलेल्या दह्याची पिशवी, डॉक्टरसाठी.
उलानबातरवर कोळशाचा धूर इतका
की शहर आधी नाकाला लागलं, मग डोळ्यांना.

ते आत गेले. मी बाकावर.
आमच्या बोलीत सख्ख्या माणसांना काळजाची माणसं म्हणतात.
काळीज म्हणजे धडधडतं ते नव्हे.
हे मुकं, जड, तांबडं-काळं,
मेंढीतून कोमट निघतं,
चरबीच्या जाळीत गुंडाळून निखाऱ्यावर धरतात
आणि पहिला तुकडा म्हाताऱ्याला देतात, ते.
पलीकडच्या बाकावरची बाई मला विचारत होती
तुमचं कोण आत आहे,
आणि मला साधं 'वडील' म्हणता येईना.

दहा मिनिटांची पन्नास झाली.
सारंगेरेल बाहेर आली, मास्कचे वळ गालांवर.
पडद्यावर पांढरा ढग उठला, म्हणाली,
डाग त्यात बुडाला,
भोवतीचंही थोडं जाळलं, मुद्दाम,
वणव्यापुढचं गवत जाळतात तसं.
मग आवाज खाली आणून :
पण बाकीचं रानही वाळलेलंच आहे.
तीन महिन्यांनी या. मग पुन्हा तीन.

बाबांनी शर्ट वर केला.
चिकटपट्टी, तिच्याखाली तिळाएवढी खूण.
त्यांनी वाकून फरशी पाहिली.
खाटेखालीसुद्धा.
मग डॉक्टरचा हात मागून घेतला,
उलटा केला, सुलटा केला,
बोटं मोजल्यासारखी चाचपली.
"लहान आहे," म्हणाले. "बरं आहे."

दही तिनं घेतलं. एक तुकडा तिथंच तोंडात टाकला.

"तीन महिन्यांनी मेंढ्या वितात," बाबा कुरकुरले,
"तेव्हा मला सवड नसते."
ती कागदावर तारीख लिहीत होती.
मान वर न करता म्हणाली,
"लांडगाही तेव्हाच येतो, आजोबा."