वाटप

सांब्र्याच्या माळावर तेव्हा
धावपट्टी तयार होती, लाल, नांगरासारखी सरळ.
विमानं नव्हती.

बारा येणार असा कागद आला.
मग दुसरा: आठ.
रशियाला हवी होती, चीनला हवी होती,
लंडनला तर कालच हवी होती.
दोस्त सगळेच, आणि सगळ्यांचंच घर पेटलेलं.
मी स्टोअरचा कारकून,
आकडा खोडून वर नवा लिहीत गेलो
कागदाला भोक पडेपर्यंत.

शेवटी तीन आली. एकाला पंखा नव्हता.

मग साहेबानं मुतग्याच्या शट्टुप्पा सुताराला बोलावलं.
बांबू, गोणपाट, फणसाच्या फळ्या.
नऊ कर, म्हणाला, वरून खरी दिसतील अशी.
"चाकं फिरायला पायजेत काय वो?"
नकोत. उभी राहिली तरी पुरे.
"मग मांडवच की."

महिन्याभरात माळ भरला.
बाळेकुंद्रीची पोरं कुंपणापाशी मोजायची,
बारा, बरोब्बर बारा.
खऱ्यातली दोन पुढं आराकानला गेली.
पोरांची मोजणी आता चुकायची,
माझी वही नाही.

एका विमानाच्या पोटात
शट्टुप्पा आपला रंधा विसरला होता,
बापाच्या हातचा, शिसवी.
मागायला आला, तर पहारेकरी म्हणाला,
आतलं सगळं सरकारी.

मी अर्ज लिहून घेतला:
रंधा, नग एक, तातडीची गरज.
वर शिक्का मारला, पाठवला.
रांगेत आमच्या पुढं
चार देश होते.